सोलापुरातली चित्रं, छपाई आणि मागाच्या लाकडाचं फर्निचर: जाण्याआधी हे वाचा

सोलापुरातली रस्त्यावरची कला, नव्या धाटणीचं फर्निचर आणि हाताची छपाई अर्ध्या दिवसात पायी उरकते, असं सांगणारे खूप भेटतात. स्टेशनवर उतरा, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, वाटेत रंगवलेल्या भिंती, मग चादरीचं दुकान, झालं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. तलाव सुंदर आहे, महापालिकेच्या इंद्रभुवनाच्या कमानींखाली दोन तास सहज जातात, पण या विषयातलं खरं काम तिकडे नाही. ते पूर्व भागात आहे: कन्ना चौक, कोंतम चौक, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक आणि त्यापुढे अक्कलकोट रोड.

रंगवलेल्या सरकारी भिंतींसाठी वेगळा वेळ काढू नका. झाडं लावा, पाणी वाचवा, हसणारा सूर्य. हे कुठल्याही शहरात दिसतं. त्यातल्या बऱ्याच भिंती दोन पावसाळ्यांत सोलतात, आणि दोष पावसाचा नसतो. जुन्या चुन्याच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर प्रायमर न मारता थेट रंग चढवला की आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि रंगाचा पापुद्रा ढकलून देतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली की तिथलं चित्र टिकणार नाही हे नक्की.

बघायची ती शटर आणि पाट्या. हाताने रंगवलेलं शटर बंद असतानाच दिसतं, आणि दुकानं साधारण दहाला उघडतात. म्हणजे तुमच्या हातात उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी लवकर पोचवते, ती घ्या. वंदे भारत रात्री पोचवते, तिने आलात तर मुक्काम आलाच. पूर्व भागात मराठीच्या जोडीला तेलुगू पाट्या भेटतात, विजापूर वेशीकडे उर्दू, आणि कानडीही अधूनमधून. एकाच पेंटरने दोन लिप्या लिहिल्या असतील तर नीट थांबून बघा. तेलुगू अक्षर गोल, त्याला वर रेघ नाही. मराठीची शिरोरेषा सरळ. दोन्ही एका पट्टीत बसवताना चांगला पेंटर मराठीची उंची थोडी कमी करतो आणि तेलुगूचं वरचं टोक शिरोरेषेच्या पातळीला आणून ठेवतो. कच्चा पेंटर दोन्ही एकाच मापाने लिहितो आणि तेलुगू ओळ खाली घसरल्यासारखी दिसते. फ्लेक्सने हे काम बहुतेक खाल्लं आहे. जे उरलंय ते जुन्या शटरवर, आणि शटर बदललं की संपलं. फोटो काढायचे ते आत्ताच.

जानेवारीत जमलं तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत या. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि त्यांच्या वाटेवर रांगोळीचे गालिचे घातले जातात. मिरवणूक पुढे गेली की रांगोळी तुडवली जाते, म्हणून अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, दिवशी सम्मती कट्ट्याजवळ गर्दीत उभं राहण्याआधी पहाटेच मिरवणुकीचा रस्ता चालून घ्या. रस्त्यावरचं चित्रकाम म्हणून सोलापुरात यापेक्षा मोठं काही नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. रथ बघायला जरूर या, पण माग बघायचे असतील तर तो दिवस टाळा.

आता कारखान्यांकडे जाणारा रस्ता. अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे चालत जाऊ नका. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात सावली नाही, कडेला धड पदपथ नाही, ट्रकची धूळ सतत तोंडावर, आणि मार्चनंतर अकरा वाजताच डोकं तापतं. त्या टप्प्यात बघण्यासारखं काहीही नाही. जे आहे ते कारखान्यांच्या आत आहे. रिक्षा करताना जाणं, थांबणं आणि परत येणं असा एकत्र भाव ठरवा. फक्त जाण्याचा ठरवलात तर परतीला रिक्षा मिळत नाही आणि मग जो आकडा कानावर येतो तो मुकाट्याने द्यावा लागतो. आम्ही तो दिला आहे आणि त्याचा राग अजून आहे. पाणी माणशी दोन लिटर, आणि आधी फोन करून परवानगी. कारखान्यात अनोळखी माणसाला आत घेत नाहीत, ते रास्तच आहे. चालू मागाजवळ सैल ओढणी किंवा गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा धोक्याचा असतो.

एवढं सगळं कशासाठी, तर जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, ग्राफसाठी. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. एक चौकट म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेक. मग प्रत्येक फेकेसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड पंच होतं. भोक असेल तिथे हुक वर जातो, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच. कार्डं दोरीने ओवलेली असतात आणि त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते. सोलापुरी चादर दुहेरी विणीची, म्हणून एका बाजूला मरून मोर निळ्या जमिनीवर असेल तर उलट बाजूला निळा मोर मरून जमिनीवर. डिझाइन करणाऱ्याला दोन्ही चित्रं एकदम डोक्यात ठेवावी लागतात. तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते, गोल डोळा चौकोनी होतो, आणि या अडचणीतून जे आकार निघालेत ते कुठल्याही भिंतीवरच्या चित्रापेक्षा जास्त कल्पक आहेत. हाताने रंगवलेला ग्राफ कोणी दाखवला तर दोन मिनिटांत बघून परत देऊ नका, नखाएवढा एक तुकडा निवडा आणि चौकटी मोजत वाचा.

इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेल्या ठिकाणी जुनी कार्डं रद्दीत जातात. छपाई करणाऱ्यांनी ती मागून घ्यावीत. कार्ड तयार स्टेन्सिल आहे: कागदावर घट्ट बसवून रोलरने पातळ शाई फिरवली की ठिपक्यांची शिस्तशीर ओळ उमटते, आणि दोन कार्डं सरकवून छापली की जाळी तयार होते. कार्डाला मागाचं तेल लागलेलं असतं, त्यामुळे पाण्याची शाई त्यावर थेंब धरते आणि भोकाच्या कडेने कागदावर उतरते. इथे ऑइल बेस शाईच वापरा, आणि आधी एक कार्ड जुन्या वर्तमानपत्रावर दाबून तेल किती सुटतं ते बघा.

छपाईसाठी स्वतंत्र स्टुडिओ शोधत फिरू नका. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानांत जा आणि लग्नसराईत जाऊ नका. दोन रंगांचं काम द्यायचं तर प्रत्येक रंगाची काळीकुट्ट पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरचं चित्र) वेगळी न्या आणि चारही कोपऱ्यांत रजिस्टरच्या, म्हणजे रंग जुळवायच्या, खुणा ठेवा. कागदाला इंची २३० धाग्यांच्या पुढची मेश (फ्रेमवरची जाळी) मागा, कापडाला १२० च्या आसपासची. चादरीच्या जाड सुतावर २ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तुटते, हे आधीच मान्य करून डिझाइन करा.

सोलापूरच्या हवेत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, बायक्रोमेट हे रसायन घातलेलं इमल्शन, म्हणजे प्रकाशात कडक होणारा लेप, फ्रेमला लावून ठेवलं की ते अंधारातही हळूहळू कडक होतं, आणि उष्णतेने हे वेगाने होतं. एप्रिल-मेमध्ये आदल्या रात्री कोट केलेली फ्रेम सकाळी एक्स्पोज केली, म्हणजे चित्र ठेवून प्रकाश दिला, तर धुताना चित्र उघडतच नाही. दोष एक्स्पोजरला दिला जातो, वेळ कमी केली जाते, मग कडा गळतात. उपाय एकच: कोट करा, पंख्याखाली वाळवा, लगेच एक्स्पोज करा. दुसरी, कोरड्या हवेत पाण्याची शाई मेशमध्येच वाळते आणि चौथ्या-पाचव्या प्रतीपासून बारीक अक्षरं गायब होतात. प्रत्येक प्रतीनंतर फ्रेम उचलून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) शाईचा थर परत ओढून ठेवायचा, म्हणजे भोकं ओली राहतात. शाईत रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) थोडाच. जास्त झाला तर कागदावर शाई वाळत नाही आणि प्रती एकमेकींना चिकटतात. फ्रेम आणि कागद यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर हवंच, नाहीतर मेश कागदाला चिकटून रेघ पसरते.

वॉल हँगिंग घेताना उलटून बघा. विणलेल्या चित्राचे धागे मागेही रंगीत दिसतात. छापलेल्याची पाठ फिकट किंवा कोरी. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासा, रंग सुटतो का ते कळेल. ‘हातमागाची’ म्हणून भाव सांगितला तर हॅन्डलूम मार्कचं लेबल मागा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते माल सोलापूरचा असल्याचं सांगतं, हातमागाचा असल्याचं नाही. चादरी बहुतांशी यंत्रमागावर होतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. भाव मात्र यंत्रमागाचा द्या.

सगळ्यात जास्त लूट फर्निचरमध्ये आहे. मागाच्या लाकडाचं स्टूल, धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या नळीघराचा) दिवा, बीमच्या (ताणा गुंडाळायच्या रुळाच्या) चकतीचं टीपॉय. कल्पना उत्तम, पण ‘अँटिक’ म्हणून नगावर भाव लावतात. नगावर घेऊच नका, लाकूड मोजा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. एक स्टूल धरा. दीड फूट लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड फळी: ०.१२५. दीड फुटाचे २ बाय २ चे चार पाय: ०.१६७. एक फुटाच्या २ बाय १ च्या चार पट्ट्या: ०.०५६. एकूण जेमतेम ०.३५, आणि घट धरून ०.४२ घनफूट. अर्ध्या घनफुटाच्या आतलं हे स्टूल. त्या दिवशीचा जुन्या सागवानाचा घनफुटाचा भाव लाकडाच्या वखारीत विचारून घ्या, त्यात सुताराची दीड दिवसाची मजुरी आणि पॉलिश मिळवा. मागितलेली रक्कम याच्या दुप्पट निघाली तर उठा.

सागवान म्हणून रंगवलेली बाभूळही मिळते. पायाच्या तळाला रंग नसतो, तिथलं लाकूड बघा. बाभूळ वजनाला जड आणि मजबूत, वाईट लाकूड नव्हे, पण ओली वापरली की तडकते. बारीक भोकांखाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर घुण जिवंत आहे. ती वस्तू घरात आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागेल.

मागाच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चौकटीचे टेबलपाय झकास दिसतात. त्यांना साधं वेल्डिंग करू देऊ नका. साध्या रॉडने जोडलं की बीड थंड होताना जोडाशेजारी चिरतं. मूळच्या भोकांतून १० किंवा १२ मिलिमीटरचे बोल्ट आणि मोठे वायसर घालून फळी आवळा. फळीतली भोकं रुंदीच्या दिशेला लांबट हवीत. उन्हाळ्यात सोलापुरात बनलेली फळी जुलैत मुंबईत किंवा कोकणात गेली की फुगते, फूटभर रुंदीला साधारण ३ ते ४ मिलिमीटर. गोल भोकांत जखडलेली फळी एकतर वाकते किंवा मधून फाटते. बिडाला तारेचा ब्रश मारून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

घेऊन जायचं असेल तर सुटं करून घ्या. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत, आणि स्लीपरच्या डब्यात १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरपर्यंतचाच नग चालतो, थर्ड एसीत ५५ बाय ४५ बाय २२.५ पर्यंतचाच. बिडाची चौकट यात बसत नाही. ती पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी, गोणपाटात शिवून, दोन्ही बाजूंना नाव आणि स्टेशन रंगाने लिहून द्या. चिठ्ठी चिकटवली तर ती वाटेत निघते.

जेवणाचं काय ते विचारू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुठेही चांगली मिळते.