मेलबर्नच्या सिंक्रोट्रॉनवर टेराहर्ट्झचं काम करायला जाताय?

सिंक्रोट्रॉन म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यातून प्रकाश काढणारं यंत्र, आणि टेराहर्ट्झ म्हणजे सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा. जाण्याआधी एक विचार करा: हे काम लेसरवर होणार नाही का? टेराहर्ट्झ म्हटलं की मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत काय किंवा बाहेर काय, बहुतेक ठिकाणी टेबलावर मावणारी लेसरची यंत्रणा असते, आणि पुष्कळ कामांना ती पुरते. आमचं अडलं होतं वायूंच्या वर्णपटावर. रेणूंच्या फिरण्याच्या रेषा इतक्या खेटून असतात की त्या सुट्या दिसायला प्रति सेंटीमीटर ०.००१च्या आसपास रिझोल्यूशन लागतं. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या ऑस्ट्रेलियन सिंक्रोट्रॉनच्या टेराहर्ट्झ बीमलाइनवर (झोत प्रयोगापर्यंत आणणाऱ्या शाखेवर) ब्रुकरचा १२५एचआर स्पेक्ट्रोमीटर आहे, तो तिथवर पोचतो. पण त्यासाठी त्याचं छिद्र बारीक करावं लागतं आणि साध्या दिव्याचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. ३ जीईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या रिंगमधून येणारा झोत मुळातच बारीक, तो त्यातून जातो. प्रपोजलमध्ये हेच लिहा, आकड्यांनिशी. ‘सिंक्रोट्रॉनचा प्रकाश प्रखर असतो’ एवढ्यावर परीक्षक मान डोलावत नाहीत, आणि का डोलवावी?

प्रपोजलच्या फेऱ्या वर्षातून तीन. काम प्रसिद्ध करणार असाल आणि निवड झाली तर बीमटाइमचे, म्हणजे झोत वापरायच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत. तिकिटाचा खर्च मात्र आपलाच धरून चाला आणि संस्थेत त्याचा अर्ज आधीच टाकून ठेवा.

वायूचं सिलिंडर विमानातून नेता येत नाही. काय हवं ते बीमलाइनच्या शास्त्रज्ञांशी बोलून, सुरक्षा पत्रकासह, खूप आधी ठरवा. घन नमुना असेल तर पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळ्या विसरा. या पट्ट्यात तेच प्रकाश शोषतं. पॉलिथिलीनच्या भुकटीत मिसळून गोळ्या करा. आणि सगळं कोरडं ठेवा. पाण्याची वाफ टेराहर्ट्झची पक्की वैरीण, म्हणूनच स्पेक्ट्रोमीटर निर्वातात चालतो. तरी थोडी वाफ उरतेच. तिच्या रेषांच्या जागा नेमक्या माहीत असल्याने आपल्या वर्णपटाचा अक्ष तपासायला त्याच कामी येतात, म्हणून त्या पुसून टाकायची घाई नको.

विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शहरातून पाकेनहॅम किंवा क्रॅनबर्नच्या गाडीने हंटिंगडेल, तिथून मोनॅश विद्यापीठाची बस. सिंक्रोट्रॉन विद्यापीठाला लागूनच आहे. जेवणाची चिंता नको, क्लेटनमध्ये भारतीय दुकानं भरपूर. घरून लोणचं-मसाले नेलेत तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहाच. न लिहिल्याचा दंड जबर असतो, दाखवल्याचा नसतो.

बीम रात्रंदिवस चालतो, त्यामुळे पाळ्या वाटून घ्याव्या लागतात. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे साडेनऊ (तिकडच्या उन्हाळ्यात साडेआठ). नुकत्याच आलेल्याने सरळ रात्रपाळी घ्यावी आणि सकाळची पाळी तिथल्याच सहकाऱ्याला द्यावी. गटात दोघंच असाल तर तिसरा शोधा. या रिझोल्यूशनला स्कॅन रेंगाळतात, बोलोमीटरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या अतिथंड उपकरणाला, द्रव हेलियम भरावं लागतं, आणि मधेच बीम गेला तर तो येईपर्यंत कोणीतरी जागं असावं लागतं. असा वेळ रिकाम्या सेलचं (वायू भरायच्या कुपीचं) मोजमाप मांडून ठेवण्यात घालवा.

निघताना नुसते वर्णपट उचलू नका, मूळ इंटरफेरोग्रामही, म्हणजे ज्यातून वर्णपट काढतात ती कच्ची नोंदही, डिस्कवर घ्या. घरी आल्यावर अपोडायझेशन (ती नोंद कडेला हळूहळू मंदावून रेषांच्या कडेचे खोटे तरंग दाबायची गणिती रीत) बदलून पाहायची लहर हमखास येते.