मिठाची दारे

आज गंगापूर रोडवरील आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाला आयन चॅनेल शिकवताना तास कसा सरला ते कळलेच नाही. आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, वाट देणाऱ्या पेशीच्या पटलातील या प्रथिनांच्या दारांपैकी एकेका दारातून वाहणारा विद्युतप्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये बारीक काचनळीने मोजून दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले, एवढे सांगून मी थेट आजारांकडे वळलो. सीएफटीआर हे क्लोराइडचे दार बिघडले की फुप्फुसातील श्लेष्मा घट्ट व चिकट होतो आणि घामातील मीठ वाढते. म्हणूनच बाळाचा पापा घेताना ओठांना खारट लागणे ही सिस्टिक फायब्रोसिस या आजाराची जुनी खूण मानली जाते. स्नायूंमधील क्लोराइडचे दार बिघडले, तर आखडलेला स्नायू लवकर सैल पडत नाही. डॉक्टर युलियस थॉमसेन यांनी १८७६ मध्ये हा विकार चक्क स्वतःसह आपल्याच घराण्यात नोंदवला होता (या प्रांजळपणाचे मला फार अप्रूप वाटते).

मागच्या बाकावरील एका मुलीने मूठ आवळून हळूहळू उघडून पाहिली आणि विचारले, "सर, मग त्यांच्या हातून सायकलचा ब्रेक कसा सुटत असेल?" पहिल्यांदा वेळ लागतो, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की स्नायू मोकळा होत जातो, इतके सांगेपर्यंत घंटा झाली.