आजार धमनीच्या भिंतीत असतो

गोव्यातील घरी फोन केला की हृदयविकाराची एखादी बातमी हमखास कानावर येते. डिचोलीचे कुणी शिक्षक पन्नाशी गाठण्याआधीच गेले, फोंड्याला कुणाच्या दिरांना स्टेंट घालावा लागला, साखळीच्या बाजारात कुणाला चालता चालता दरदरून घाम फुटला आणि तातडीने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, हलवावे लागले. मी बॉस्टनमधील एका प्रयोगशाळेत अथेरोस्क्लेरोसिसवर, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत चरबी साचून त्या जाड व कडक होण्याच्या आजारावर संशोधन करते, हे नातलगांना ठाऊक असल्याने बातमीपाठोपाठ प्रश्नही येतो: "ब्लॉक काढला ना, मग आता जन्मभर गोळ्या कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचलेला गाळ, हे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. अँजिओग्राफीमुळे ते आणखी पक्के होते, कारण त्या तपासणीत रक्त वाहण्याचा मार्ग दिसतो, भिंत दिसत नाही. प्रत्यक्षात चरबी साचते ती भिंतीच्या आत. ती साचू लागली की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने रुंदावते आणि आतला मार्ग जवळजवळ तेवढाच राहतो. सीमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली हे दाखवून दिले. त्यामुळे वर्षानुवर्षे आजार वाढत असूनही माणसाला जिना चढताना कसलाही त्रास होत नाही. कोरियातील युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ होते आणि त्यांच्यापैकी ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या होत्या.

भिंतीत नेमके काय घडते ते सांगते. रक्तातील एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, काही कण धमनीचे आतील अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकतात. जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण असते, तिथे हे अधिक प्रमाणात होते. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल झाले की शरीर त्यांना उपद्रवी मानते, रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशींचे रूप घेतात आणि ते कण इतके गिळतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात. पुढे त्या तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलून नेणे हेही मॅक्रोफेजचेच काम. आजार नवा असताना ते नीट चालते, पण जुन्या जागी ते मागे पडत जाते आणि मृत पेशींचा व चरबीचा एक मऊ गाभा तयार होतो. मॅक्रोफेज हे काम का थांबवतात, हा आमच्या प्रयोगशाळेचा मुख्य प्रश्न आहे. या गाभ्यावरचे तंतूंचे आवरण पातळ होऊन फाटले की आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, काही मिनिटांत गुठळी बनते आणि झटका येतो. फाटणारी जागा आधी फार अरुंद झालेली असतेच असे नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

आता गोळ्यांकडे येते. स्टेंट म्हणजे जाळीची छोटी नळी; ती एका ठिकाणचा मार्ग उघडा ठेवते. उरलेल्या भिंतीला तिचा स्पर्शही होत नाही. स्टॅटिनची गोळी सर्व धमन्यांपर्यंत पोहोचते, एलडीएल खाली आणते आणि ते आवरण बळकट होण्यास मदत करते, तर रक्त पातळ करणारी गोळी स्टेंटमध्येच गुठळी होऊ नये म्हणून असते. बरे वाटते म्हणून यांतील कोणतीही गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवणे अतिशय धोक्याचे आहे.

माझे रोजचे काम मात्र दवाखान्यापासून बरेच दूर आहे. उंदराला हा आजार सहसा होत नाही. १९९२ साली एपीओई हे, रक्तातील चरबी हटवण्यास मदत करणारे जनुक काढून टाकलेले आणि म्हणून हा आजार होणारे उंदीर तयार झाले आणि तेव्हापासून हे संशोधन वेगाने पुढे गेले. आम्ही उंदराचे हृदय गोठवून उणे २० अंश तापमानाच्या यंत्रात त्याचे १० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप घेतो. महाधमनीच्या मुळाशी झडपेच्या तिन्ही पाकळ्या एकाच कापात दिसू लागेपर्यंत एकेक काप काचेवर घेत राहावे लागते. तांबडा रंग दिला की चरबी लाल दिसते. शेजारच्या कापाला वेगळा रंग देऊन, जिथे पेशींची केंद्रकेच उरलेली नाहीत ती जागा मोजली की मृत गाभ्याचा आकार कळतो. उंदरांतील आवरण क्वचितच फाटते, त्यामुळे उंदरात जे साधले ते माणसात साधेलच असे कुणी धरून चालत नाही. म्हणून मानेच्या धमनीच्या शस्त्रक्रियेत काढलेले ऊतक, रुग्णाच्या लेखी संमतीने, बर्फात ठेवून आमच्याकडे येते. ते कात्रीने कापताना कॅल्शियम करकरते, हाताला खडे लागतात, आणि लगेच पुढे पिवळट, लोण्यासारखा मऊ भाग येतो. हा आजार अनेक दशके घडत आलेला असतो याची जाणीव मला कोणत्याही आलेखापेक्षा त्या स्पर्शाने अधिक होते.

या आजाराशी कोलेस्टेरॉलचा संबंध निकोलाय अनिच्कोव यांनी १९१३ मध्ये सशांवर दाखवला होता. एलडीएल पेशींत कसे घेतले जाते हे उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले, आणि जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या पदार्थामुळे स्टॅटिनची वाट मोकळी झाली. दाहाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या वर सांगितलेल्या प्रतिक्रियेचा, स्वतंत्र वाटा मात्र २०१७ मध्ये ठळकपणे सिद्ध झाला: बॉस्टनमधून चालवलेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या कँटोस चाचणीत एलडीएल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने झटक्यांचे प्रमाण घटले. त्याच औषधाने जीवघेणे संसर्गही काहीसे वाढले, म्हणून ते हृदयविकारासाठी सर्रास वापरात आले नाही.

बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर फ्रेमिंगहॅम हे गाव आहे. तिथे १९४८ मध्ये ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली, १९७१ मध्ये त्यांची मुले आणि २००२ मध्ये नातवंडे सामील झाली. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांना आज आपण धोक्याची कारणे म्हणतो, ते बऱ्याच अंशी या गावामुळे. स्वतःच्या फायद्याची हमी नसताना पिढ्यान्‌पिढ्या तपासणीला येणाऱ्या या कुटुंबांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती मंडळी प्रामुख्याने गोऱ्या वंशाची होती, त्यामुळे तिथले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच वर्षे आधी येतो असे आढळले. गोवा लहान आहे, पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही गोमेकॉ एका दिवसात गाठता येते, कुटुंबे एकमेकांना ओळखतात. असा दीर्घकालीन अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा असे मला तळमळीने वाटते.

तोवर एक गोष्ट प्रत्येक घराला करता येईल. ज्या घरात पुरुषाला ५५ वर्षांच्या किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत झटका आला असेल, त्या घरातील भावंडांची आणि मुलांची रक्तातील चरबीची तपासणी करून घ्यावी, मुले विशीत असली तरीही. प्रौढ व्यक्तीचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टरांना आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकाराबद्दल स्पष्ट विचारावे. अंदाजे अडीचशे जणांत एकाला तो असतो आणि वेळेवर उपचार झाले तर धोका पुष्कळ कमी होतो. त्यासोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची चाचणीदेखील सांगावी. सामान्यतः ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण त्याचे प्रमाण बहुतांशी जनुकांवरून ठरते आणि वयानुसार फारसे बदलत नाही.