सही जुळत नाही

२०१८ च्या नोव्हेंबरात काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं: पाकिटावरची तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. नागरिकत्वाची शपथ घेऊन सहा महिनेही झाले नव्हते. अमेरिकेतलं माझं पहिलंच मत, आणि तेच अडकलं!

युटामध्ये बहुतेक ठिकाणी मतपत्रिका टपालाने घरी येते. भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची. टपालाने परत पाठवायची तर तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंतचा शिक्का लागायचा. मी रेंगाळलो, कारण कागद भला मोठा. सेनेटसाठी मिट रॉम्नी वगैरे मंडळी, शिवाय औषधी गांजा, मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना), मतदारसंघ आखणारा आयोग असे थेट मतदारांना विचारलेले प्रश्न. शेवटी ६ तारखेला संध्याकाळी पाकीट ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत, टाकून आलो.

घोळ माझाच होता. लायसन्स काढताना काचेच्या पाटीवर बोट फिरवल्यासारखी इंग्रजी सही केली होती. पाकिटावर मात्र, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निवांत बसून, शाळेपासूनची मराठी सही ठोकली, खाली दोन टिंबांसकट. बायको म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं इथे मराठी बाणा दाखवायला?"

एरवी सोडून दिलं असतं. पण आमचा अमेरिकी काँग्रेससाठीचा युटाचा चौथा मतदारसंघ. २०१२ मध्ये डेमोक्रॅट जिम मॅथेसन इथे रिपब्लिकन मिया लव्ह यांच्यापुढे जेमतेम ७६८ मतांनी टिकले होते. आता त्याच लव्ह खासदार, आणि समोर सॉल्ट लेक काउंटीचे महापौर, डेमोक्रॅट बेन मॅकअॅडम्स. सॉल्ट लेक शहर दक्षिणेला नुसतं पसरत चाललंय. २००० साली दीडेक हजार वस्तीचं हेरिमन २०१० पर्यंत बावीस हजारांच्या घरात गेलं. काल गवत होतं तिथे आज टाउनहाउस. हे नवे लोक कुणीकडे झुकतील, कुणालाच सांगता येत नव्हतं.

पत्रासोबत प्रतिज्ञापत्राचा कागद होता: पाकिटावरची सही माझीच. मोजणी पक्की होण्याआधी तो पोचायला हवा. टपालावर भरवसा न ठेवता स्वतः नेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी मराठी सहीकडे जरा वेळ पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाल्या, आणि कागद ट्रेमध्ये टाकला. बस्स, एवढंच.

निवडणुकीच्या रात्री मॅकअॅडम्स पुढे होते. मग आघाडी रोज आटत गेली आणि १६ तारखेला लव्ह ४१९ मतांनी वर. सॉल्ट लेक काउंटीतली मोजणी थांबवा, सह्यांच्या पडताळणीवर आमच्या माणसांना आक्षेप घेऊ द्या, म्हणून लव्ह यांच्या प्रचारयंत्रणेने कोर्टात धाव घेतली होती. तो दावाही त्याच दिवशी फेटाळला गेला. सह्यांचा विषय बातम्यांत आला की घरात सगळे माझ्याकडे बघायचे.

२० तारखेला निकाल: मॅकअॅडम्स ६९४ मतांनी विजयी. माझं मत कुणाला, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

२०२० मध्ये रिपब्लिकन बर्जेस ओवेन्स यांनी मॅकअॅडम्सना हरवलं. त्या वेळी लायसन्स पुढ्यात ठेवून, चित्र काढावं तशी ती वाकडी इंग्रजी सही पाकिटावर उतरवली.