नीलमातल्या सुया

"आत रेशीम आहे, बघा," म्हणत रत्नपारख्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

निळ्या रंगात केसाहून बारीक सुया, एकमेकींना ठरावीक कोनात छेदणाऱ्या. रुटाइल नावाच्या खनिजाच्या. जिच्यासाठी अंगठी करायची होती ती लगेच म्हणाली, "हा नको, तो स्वच्छ दाखवा ना."

"तो तापवलेला आहे," ते शांतपणे म्हणाले. "भट्टीत या सुया विरघळतात, रंगही खुलतो. बाजारात बहुतेक तसेच येतात. फसवणूक नाही, फक्त सांगून विकायला हवं."

म्हणजे आतली ही जाळी शाबूत असणं हीच त्याला फारशी आच न लागल्याची खूण! (खात्री अर्थात प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच.) टिकायला दोन्ही सारखेच, खनिजांचं काठिण्य मोजणाऱ्या मोह्स मापावर 9, हिऱ्याचं 10. आणि रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवूच नये. तिथे काळपट वाटणारा खडा खिडकीशी नेला तर चक्क निळाशार निघाला.

स्वच्छ ते चांगलं, हे आपण किती पटकन ठरवून टाकतो. तिला अजूनही तोच हवाय. माझा जीव सुयांमध्ये अडकलाय. पण अंगठी रोज घालणार ती! तुम्ही असता तर कोणाचं ऐकलं असतं?