डबी, करदोडा आणि ३ टेस्ला

एमआरआय मशीन आपल्याला चालवायचं नसतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी अर्धी धास्ती तेव्हाच गेली असती. कन्सोलवर टेक्निशियनच बसतो. संशोधकाच्या वाट्याला येतात कागद आणि माणसं.

माझा पीएच.डी.चा विषय असा: घरी अहिराणी आणि शाळेत मराठी ऐकत वाढलेल्यांचा मेंदू या दोन्ही भाषा ऐकताना काय करतो. सहभागी सगळे अमळनेर, धरणगाव, पारोळ्याकडचे. ज्या सामायिक केंद्रात आम्हाला वेळ मिळाला तिथं दिवसभर रुग्णांचे स्कॅन, संध्याकाळनंतर संशोधकांचे स्लॉट. त्याआधी एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संमतीपत्र सहभागींना समजेल अशा भाषेत लागतं, म्हणून मराठी मसुदा केला. कमिटीने शंका काढल्या, आम्ही उत्तरं दिली, महिने गेले. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सुरक्षेचं प्रशिक्षण मात्र लक्षात राहिलं. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. आमच्या मशीनचं चुंबक ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट. आणि हे चुंबक स्कॅन संपला म्हणून बंद होत नाही. द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवलेल्या तारेतून वीजप्रवाह फिरतच राहतो. बाहेर भुसावळच्या उन्हात पत्रे तापलेले असोत की लाईट गेलेली असो, आतली ओढ कायम. त्यामुळे लेखी चाचणी पास झाल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

खरी कसोटी स्क्रीनिंगची, म्हणजे सहभागीच्या अंगावर किंवा अंगात धातू नाही ना हे आधी तपासण्याची. छापील फॉर्मवर पेसमेकर, क्लिप, इम्प्लांट, दागिने असं सगळं असतं. माणसं भराभर ‘नाही’वर खुणा करतात. पण करदोड्याला दागिना कोण म्हणतो? दंडातला ताईत, निऱ्यांची पिन, जोडवी, खिशातली चुन्याची डबी हे एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. एक मावशी मंगळसूत्र काढायला काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांच्या सुनेनेच दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधलं, तेव्हा मंगळसूत्र लॉकरमध्ये गेलं.

सगळ्यात जपायचं ते डोळ्यांना. एमआयडीसीतल्या एका दादांनी ‘डोळ्यात धातूचा कण गेला होता का?’ यापुढे ‘नाही’ लिहिलं होतं. काम काय करता म्हटल्यावर म्हणाले, वेल्डिंग-ग्राइंडिंग. मग अहिराणीत विचारलं, “दादा, डोयामा कधी कीस उडस का?”

“ते ते रोजनंच शे, ताई.”

स्कॅन तिथंच थांबला. डोळ्यात अडकलेला लोखंडी कण चुंबकाने सरकला तर नजर जाऊ शकते. आधी डोळ्यांचा एक्स-रे, मग रेडिओलॉजिस्टचा होकार, मग पुढचं. तेव्हापासून मी फॉर्मच्या आधी कामधंदा विचारते.

पहिला स्कॅन माणसाचा नव्हताच, फँटमचा, म्हणजे मशीन तपासण्यासाठी ठेवतात त्या द्रावण भरलेल्या भांड्याचा होता. नंतर माणसांचे. मेंदूच्या रचनेचा स्कॅन पाच-सहा मिनिटांत उरकतो. मग आमची वाक्यं ऐकवत दर दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं एक चित्र. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथल्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, पण तो बदल पुरता दिसायला पाचेक सेकंद लागतात. वाक्यांमधलं अंतर त्या हिशेबानं ठेवायचं. शिवाय मशीनची ठकठक एवढी की कानात बोळे घातल्यावर वाक्य ऐकू येतंय का, हे प्रत्येकाला आत झोपवल्यावर विचारूनच सुरुवात करायची.

बाहेर आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच: “ताई, डोकं बरं शे ना?” यावर आम्ही काही बोलायचं नाही, असा नियम आहे. हा स्कॅन संशोधनाचा, निदानाचा नाही. काही वेगळं दिसलंच तर रेडिओलॉजिस्ट बघतात आणि संमतीपत्रावर दिलेल्या नंबरवर डॉक्टरांचाच फोन जातो. हे स्कॅननंतर सांगितलं तर माणूस जास्तच घाबरतो, म्हणून मी आता सही घेतानाच सांगते.