मॉडेलमधलं पाणी बघायला एकटीच गेले

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते आणि काम पाण्याचं आहे, म्हणजे कुठल्या तलावात कधी किती पाणी येईल आणि किती सोडता येईल याची कॉम्प्युटरवर मॉडेल्स चालवायची. आमच्या मॉडेलमध्ये एक रेघ आहे, अ‍ॅडम्स टनेल. डोंगराच्या पश्चिमेकडचं पाणी पोटातून पूर्वेला आणणारा जवळपास 21 किलोमीटरचा बोगदा, 1947 पासून चालू आहे, आणि माझ्या घरच्या नळाला येणारं निम्मं पाणी त्याच योजनेतलं. तो डोंगर म्हणजे रॉकी माउंटन नॅशनल पार्क. गाडीने सव्वा तास, आणि तीन वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. जुलैत एका मंगळवारी सुट्टी टाकली, सोबत यायला कुणाला जमेना, म्हटलं एकटी जाते.

नऊच्या आत गेटमधून आत गेलं की आत शिरायची वेळ आधी ठरवून घ्यायचं परमिट लागणार नव्हतं म्हणून सातला निघाले. रस्ता बिग थॉम्प्सन नदीच्या खिंडीतून जातो, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, आणि मधे मधे पाट्या, पूर आला तर गाडी सोडून वर चढा. ती पाटी वाचून माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. 31 जुलै 1976 ला संध्याकाळी या खिंडीच्या वरच्या अंगाला ढग एका जागी अडकून बरसला आणि 140 हून जास्त माणसं गेली, त्यातले कितीतरी गाडीतून खिंडीबाहेर पळायच्या नादात. ऑफिसात हे पुराचे ग्राफ म्हणून बघितलेलं, त्या पाटीखालून जाताना वेगळंच वाटतं.

पार्कात पेट्रोल मिळत नाही, म्हणून बाहेरच्या इस्टेस पार्क नावाच्या गावात टाकी फुल केली. पार्कातून डोंगर ओलांडणारा ट्रेल रिज रोड 1932 चा, सगळ्यात वरचा पॉइंट 12,183 फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि जवळपास 18 किलोमीटर रस्ता झाडं संपतात त्या उंचीच्याही वरून जातो. कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच. कडेला नुसते उंच बांबूसारखे खांब रोवलेत, बर्फ काढणाऱ्या गाड्यांना रस्ता कुठे आहे ते कळावं म्हणून. एकटं असलं की खिडकीतून बघायचं की रस्त्याकडे बघायचं हा प्रश्न असतो, मी प्रत्येक पॉइंटला थांबत गेले, त्यात अकरा वाजले.

रॉक कट नावाच्या पॉइंटला उतरून टंड्राची, म्हणजे झाडं संपल्यावरच्या उघड्या थंड माळाची, पायवाट धरली. फरसबंदीची साधी वाट, पण वीस पावलं टाकली की धाप लागते, डोकं जड होतं. तिथे खाली बसून फुलं बघितली. गुलाबी फुलांची एक गादी, तळहाताएवढी, प्रत्येक फूल शर्टाच्या बटणापेक्षा लहान, आणि हात लावला तर दगडाला चिकटलेली घट्ट. कासच्या पठारावर फुलं वाऱ्याने डोलतात, इथे वारा इतका आहे की कुणी मान वर काढतच नाही.

उठले तेव्हा पश्चिमेकडून ढग काळा झाला होता. सकाळी गेटवर रेंजर बाईंनी बजावलं होतं की दुपारच्या आत झाडं सुरू होतात त्या उंचीपर्यंत खाली उतरा. 2014 च्या जुलैत याच रस्त्यालगत लागोपाठ दोन दिवस वीज पडून दोन माणसं गेली होती. आणि त्या उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू मीच होते. वाट अर्धीच झाली होती, वरचे खडक समोर दिसत होते, तरी मागे फिरले. समोरून एक कुटुंब वर चाललेलं, दोन लहान मुलं, त्यांना हाताने ढग दाखवला, आईने एका क्षणात लहान्याला उचललं. गाडीचं दार लावलं आणि गारा सुरू झाल्या, साबुदाण्याएवढ्या, वीसेक मिनिटं, टपावर नुसता तडतडाट. फोनला रेंज नाही. हात थरथरत होते, ते थंडीने की भीतीने कळलं नाही.

पाऊस ओसरल्यावर पलीकडे उतरायला लागले. माझं लहानपण पोफळीच्या कॉलनीत गेलं, बाबा कोयना प्रकल्पात होते, कुंभार्ली घाटात त्यांनी शिकवलेलं, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. ऑटोमॅटिक गाडीतसुद्धा गिअर खाली घेतला. पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास पार मिलनर पास या खिंडीपर्यंत येत होता.

मिलनर पासला पाटी आहे, इथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिककडे. महाबळेश्वरलाही असंच, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे आणि कृष्णा, कोयना पूर्वेला. कोयनेचं पूर्वेला जाणारं पाणी आपण बोगद्यातून पोफळीला उतरवतो, वीज करतो आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. इथे नेमकं उलटं, पश्चिमेचं पाणी पूर्वेला.

आणि थोडं खाली फारव्ह्यू कर्व्हला ते डोळ्यांनी दिसलं. समोरच्या नेव्हर समर डोंगररांगेवर, जंगलाच्या वर, पट्टीने मारल्यासारखी एक आडवी रेघ. ग्रँड डिच नावाचा कालवा. 1890 ला खोदायला घेतला, 1936 ला संपला, बराचसा जपानी, चिनी, मेक्सिकन, स्वीडिश मजुरांनी हाताने खोदलेला, डोंगरावरून खाली येणारे ओढे मधेच अडवून खिंडीपलीकडे पूर्वेच्या शेतांना नेतो. पूर्वेकडचा मका त्या पाण्यावर उभा आहे, मला त्याची किंमत माहितीये. पण खाली खोऱ्यात उतरून कोलोरॅडो नदी बघितली आणि घशात आवंढा आला. ग्रँड कॅन्यन कोरणारी नदी ही, इथे गुडघाभर, मी बूट काढून मधोमध उभी राहिले. बहुतेक वर्षी ही समुद्रापर्यंत पोचतच नाही, आणि तिचं पाणी उचलायला सुरुवात तिच्या उगमापाशीच होते. मॉडेलमध्ये ही जागा म्हणजे एक आकडा आहे, तो आकडा मीच भरते.

परत त्याच रस्त्याने आले, घरी पोचायला आठ वाजले. बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "कालव्याला आतून काँक्रीटचं लायनिंग आहे का?" म्हटलं, नाही बाबा, मातीचाच आहे, आणि 2003 मध्ये फुटला होता, खालच्या लुलू क्रीक ओढ्याच्या दरीत माती भरली. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले फोटो पाठव, लांबचा असला तरी चालेल. पाठवला. दहा मिनिटांनी तोच फोटो परत आला, त्यावर बोटाने लाल गोल काढलेला, खाली लिहिलेलं, फुटला तो इथे का? मी नकाशा उघडून बघायला बसले.